दुसरा रिमोट : बेळगावच्या एका पिढीची कन्सोलची निवड

१९९० नंतरच्या दशकात बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या मराठी घरांत जो ‘व्हिडिओ गेम’ आला, त्याच्यावर निन्टेन्डो या जपानी कंपनीचे नाव बहुधा नसे. जपानमध्ये १९८३ साली विक्रीस आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्राची ती नक्कल होती. त्यामुळे लहानपणच्या खेळाची आमच्या भागातली ओढ एका निनावी यंत्राशी जोडलेली आहे, आणि आज चाळिशीत आलेला बेळगावकर नवे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र, घ्यायला निघतो तेव्हा त्याच्या आवडीनिवडीचा उलगडा करायचा, तर सुरुवात या नकलेपासूनच करावी लागते.

यंत्राची वायर टीव्हीला अँटेनाच्या जागी जोडायची, चॅनेल फिरवत चित्र शोधायचे, आणि चित्र आले नाही तर पिवळी कॅसेट उपसून तिच्या दातांवर फुंकर मारून ती पुन्हा दाबून बसवायची, हा क्रम त्या पिढीला पाठ आहे. खरे तर फुंकरीने काही होत नसे. कॅसेट नव्याने बसल्यामुळे संपर्क जुळत असे, आणि श्वासातल्या ओलाव्याने धातूचे ते दात उलट खराबच होत. बेळगावच्या आषाढात, जिथे दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे तर ओलाव्याला तोटाच नव्हता. मैदाने चिखलात गेलेली असल्यामुळे हा खेळ बहरायचाही त्याच दिवसांत. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले असे. आत मोजकेच खेळ निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत, पण त्या मोजक्यांत मारिओ, काँट्रा आणि रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ असला की कोणाची तक्रार नसे.

या नकली यंत्रांच्या रिमोटवर, म्हणजे हातातल्या कंट्रोलरवर, पुष्कळदा ‘टर्बो’ची दोन बटणे जादा असत, आणि ती दाबून धरली की काँट्रामध्ये गोळ्यांची सर सुटे. निन्टेन्डोच्या मूळ रिमोटला ही बटणे नव्हती. म्हणूनच निन्टेन्डोने २०१६ साली आपले जुने यंत्र छोट्या रूपात पुन्हा आणले, तेव्हा जगाने त्याचे स्वागत केले असले तरी ज्याचा अंगठा टर्बोवर तयार झाला आहे त्याला ते अस्सल यंत्रच परके वाटते. बदकांच्या शिकारीच्या खेळात टीव्हीवर रोखायची बंदूक तर आता परत मिळणेच कठीण आहे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतला डोळा तो प्रकाश टिपत असे. हे सारे गणित जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बसवलेले असल्यामुळे आजच्या सपाट टीव्हीसमोर ती बंदूक आंधळी ठरते.

तरीही त्या खेळाचे खरे बळ दुसऱ्या रिमोटमध्ये होते, असे मला वाटते. काँट्राच्या तिसऱ्या टप्प्यात धबधब्यावर चढताना वरचा गडी पुढे निघाला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. ‘थांब की रे, मी खाली आहे’ ही ओरड वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत मराठीत झाली तशी कानडीतही झाली. दुकानाच्या पाटीपासून शाळेच्या माध्यमापर्यंत भाषेचा प्रश्न जिथे रोजचा आहे, तिथे शेजारच्या कन्नड घरातला मुलगा दुसरा रिमोट घेऊन बसे आणि दोघांपैकी कोणीही खालीच सुटू नये, एवढीच दोघांना चिंता असे. ही गोष्ट मी फार मोलाची मानतो.

त्यानंतरच्या पिढीची निष्ठा मात्र नावाशी आहे. २००० साली जपानमध्ये आलेले सोनीचे प्लेस्टेशन २ जगभर पंधरा कोटींहून अधिक विकले गेले. आपल्याकडे ते घरात नसले तरी तासावर खेळता येई, आणि आपापली प्रगती साठवलेले ८ एमबीचे मेमरी कार्ड खिशात जपावे लागे. त्रिकोण, गोल, फुली आणि चौकोन ही चार बटणे ज्याच्या हातात मुरली, तो आजही प्लेस्टेशनच मागतो. प्लेस्टेशन ५ मध्ये प्लेस्टेशन २ च्या जुन्या डिस्क चालत नाहीत, आणि उलट मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सच्या डिस्कवाल्या नव्या यंत्रात त्याच्या बऱ्याच जुन्या डिस्क चालतात, हे सांगूनही त्याचे मन वळत नाही. हा हट्ट मला रास्त वाटतो, कारण हाताची सवय हासुद्धा निवडीचा खरा निकष आहे.

प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आले तेव्हा डिस्कवाल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती आणि खोक्यात कंट्रोलर एकच होता. दुसऱ्यासाठी आणखी ५,९९० रुपये मोजावे लागत. निन्टेन्डोचे स्विच भारतात अधिकृतपणे विक्रीस आले नाही, ते आयात करणाऱ्या विक्रेत्यांकडून घ्यावे लागते. पण त्याचा कंट्रोलर दोन भागांत सुटतो आणि अनेक खेळांत दोघांना पुरतो. जुना काँट्रा तर २०१९ च्या संग्रहातून प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि स्विच या तिन्हींवर मिळतो, तेव्हा केवळ त्याच्यासाठी यंत्र ठरवण्याचे कारण उरत नाही. घरात मुलगी किंवा मुलगा शेजारी बसून खेळणार असेल, तर नव्या खेळाची डिस्क पुढच्या महिन्यावर टाकावी आणि दुसरा कंट्रोलर यंत्राबरोबरच घरी आणावा.