लाल रंग वगळून

(मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढू पाहणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुखपृष्ठाचं कच्चं रेखाटन म्हटलं की आपल्यातले पुष्कळजण पूर्ण चित्रच लहान करून काढतात. नायक, तलवार, राक्षस, मागे किल्ला, सगळं तीन इंचांत कोंबलेलं. माझ्या मते घोळ तिथेच होतो. पहिल्या रेखाटनात एवढंच ठरायला हवं की अंधार कुठे, उजेड कुठे आणि मुलाची नजर चित्रात कुठून शिरणार.

‘द हॉबिट’ या मुलांसाठीच्या अद्भुत कादंबरीचं १९३७ सालचं जॅकेट, म्हणजे पुस्तकावरचं सुटं कागदी वेष्टन, तुमच्यासमोर ठेवलंय ते याचसाठी. ते खुद्द लेखकानं, जे. आर. आर. टोल्किन यांनी काढलं. ते ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे, म्हणजे जुन्या इंग्रजीचे, प्राध्यापक होते, चित्रकला हा काही त्यांचा पेशा नव्हता. आता जरा जवळून बघा. खाली झाडांची दाट, काळी-हिरवी रांग, खोडं सगळी उभी, एकसारखी. जंगलातून डोंगरांकडे निघालेली वाट. आकाशात ड्रॅगन, एकीकडे सूर्य, दुसरीकडे चंद्र. गोष्टीचा नायक बिल्बो मात्र कुठेच नाही! आज असं रेखाटन घेऊन गेलात तर पहिला प्रश्न येईल, ‘हीरो कुठाय?’ तेव्हा अडून बसा, असं मी सांगेन. वाट मोकळी असली की मूल स्वतःच त्या वाटेला लागतं.

याच पुस्तकाचं हस्तलिखित प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं होतं. एक शिलिंग घेऊन त्यानं अभिप्राय लिहिला: नकाशे असतील तर चित्रांची गरज नाही, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना पुस्तक आवडेल. मला हा अभिप्राय फार मोलाचा वाटतो. त्या मुलाला चेहरे नको होते, मुलूख हवा होता. आणि जॅकेटनं तेच दिलं.

आता रंगांचं बघू. सुरुवातीच्या आराखड्यात बऱ्याच छटा होत्या. टोल्किन यांनी तो पुन्हा पुन्हा काढला, दर वेळी रंग कमी करत. शेवटच्या आराखड्यात चार उरले. त्यातला सूर्याचा लालही प्रकाशकानं खर्चापायी काढून टाकला. मूळ चित्राच्या कडेला लाल सोडून द्यावा अशी सूचना लिहिलेली आहे. छापले गेले ते काळा, निळा आणि हिरवा. डोंगरमाथ्यावरचं बर्फ दिसतंय ना? तिथे शाईच नाही, तो कोरा कागद आहे. रंग हाताशी नसले की कागदालाच कामाला लावावं लागतं, आणि ते बर्फ इतकं थंडगार वाटतं ते त्यामुळेच. लाल गेल्याचं टोल्किन यांना वाईट वाटलं असेल, पण रचना जराही ढासळली नाही. ती काळ्या-पांढऱ्यावरच उभी होती.

कडेनं फिरणारी चौकटही नुसती नक्षी नव्हे. रुन या उत्तर युरोपातल्या प्राचीन लिपीत तिथे पुस्तकाचं, लेखकाचं आणि प्रकाशकाचंसुद्धा नाव आहे. ही पट्टी मुखपृष्ठ, कणा (पुस्तकाची बांधणीकडची कड) आणि मलपृष्ठ यांना एकत्र बांधते. सप्टेंबरमध्ये निघालेली १५०० प्रतींची पहिली आवृत्ती डिसेंबरपर्यंत संपली. त्याचं श्रेय एकट्या जॅकेटला मी देणार नाही, गोष्टच तशी आहे.

आज चार रंगांत छापणं ही रोजची बाब आहे आणि स्क्रीनवर तर रंगांना पैसेही पडत नाहीत. त्यामुळे ही बंधनं आपली आपणच घालून घ्यायची. पहिली रेखाटनं फक्त काळ्यात करा. पानं किती, कागद कुठला, हे प्रकाशकाला आधीच विचारा, म्हणजे कण्याची रुंदी कळेल. मग मुखपृष्ठ, कणा, मलपृष्ठ एकाच पट्टीवर उघडून काढा. नायकाला अजून बोलवू नका. दुपारच्या सत्रात तुमच्या पट्ट्या भिंतीवर लावू आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून बघू.