रोकड नाकारणारं दुकान

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली बरीचशी सत्कारात गेली. शाल मिळाली, तेव्हा तक्रार नाही. दुकानदाराने रोख पैसे घेतलेच पाहिजेत असा कायदा हवा का, हा विषय पत्रिकेत छापलाय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: हवा. म्हणजे कुणाला लोकल पकडायची असेल तर निघायला हरकत नाही.

मी बँकेत कॅश काउंटरवर हयात घालवली, त्यामुळे माझा कल कुणीकडे हे ओळखायला ज्योतिषी नको. पण यूपीआयशी माझं वैर नाही. भाजीवाल्याकडे मीही स्कॅन करतो. त्या डब्यातली बाई ‘प्राप्त हुए’ म्हणाली की बरं वाटतं. घरी आपल्याला एवढी पोच कोण देतं?

तर किस्सा. लोअर परळला गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या एका मॉलमध्ये केकचं दुकान आहे. नाव घेत नाही. रांगेत माझ्या पुढे आमच्याच इमारतीत पोळ्या करायला येणाऱ्या बाई होत्या, सोबत मुलगी. मुलगी दहावी पास झालेली. साडेसहाशेचा केक. बाईंनी पाचशेची एक आणि पन्नासच्या तीन नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. पोरगा म्हणाला, ‘कॅश नाही घेत.’ बाईंना वाटलं, नोट फाटकी आहे. त्यांनी ती उलटी करून दाखवली, उजेडात धरली. मुलीने हळूच सांगितलं, ‘आई, नोट बरोबर आहे. ते घेतच नाहीत.’ बाईंकडे बटणांचा फोन. पोराने तोडगा काढला, ‘मागे कुणाला तरी कॅश द्या, ते पेमेंट करतील.’ त्या वळल्या, तर मागे मी.

मी फोनवरून पैसे भरले, नोटा घेतल्या. मोजून घेतल्या! सवय. बायको अजून ऐकवते.

पण मला डाचलं ते वेगळंच. घामाचे, चोख पैसे हातात असताना त्या बाईंना अनोळखी माणसाची मेहेरबानी का मागावी लागावी? मी होतो म्हणून निभावलं. मॅनेजरला विचारलं तर म्हणे, ‘सर, पॉलिसी आहे, बोर्ड लावलाय.’ बोर्ड इंग्रजीत, बिस्किटांच्या बरणीमागे. म्हटलं, वीज गेली तर? ‘सर, बॅकअप आहे.’ बॅकअप! १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा कुणाचा बॅकअप कुठे होता ते आपण पाहिलंय. २६ जुलैचं तर बोलायलाच नको. त्या रात्री वडापाव...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, वडापाव राहू दे.

कायदा. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४, कलम २६: नोट भारतात कुठेही वैध चलन. मग दुकानदार नाही कसं म्हणतो? वकिलांचा युक्तिवाद असा की हे देणं फेडण्यापुरतं आहे. उडुप्याकडे तुम्ही आधी डोसा खाता, मग बिल येतं. देणं झालं, नोट चालली पाहिजे. केकवाला पैसे आधी मागतो. सौदाच झालेला नाही, तर देणं कसलं? म्हणजे तुमचा हक्क पोटात डोसा गेल्यावर सुरू होतो.

उलट बाजू बघा. आयकर कायद्यात २०१९ साली कलम २६९ एसयू आलं: वार्षिक उलाढाल ५० कोटींच्या वर असेल, तर ठरवून दिलेली डिजिटल पेमेंटची सोय ठेवलीच पाहिजे, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये दंड. डिजिटलची सक्ती चालते, मग रोखीची का नाही?

बाहेर झालंय हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचा कायदा १९७८ चा. फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सी, २०१९. न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२० पासून. तिथे २० डॉलरहून मोठी नोट नाकारता येते, पण रोखीवाल्याकडून जास्त दर घेता येत नाही. नॉर्वेत रोखीने देणारे फारच थोडे, तरी १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क पक्का केला, २०,००० क्रोनरपर्यंत.

काळा पैसा, काळा पैसा... ऐकलं, मागच्या रांगेतून आलं. दोन लाख किंवा त्यावर रोख घ्यायला २०१७ पासून बंदी आहेच. साडेसहाशेच्या केकमध्ये काळा पैसा किती मावेल?

मसुदा माझ्या खिशात आहे, भराभर सांगतो. माणूस बसलेल्या प्रत्येक काउंटरवर रोख घ्यावी. ऑनलाइन विक्री आणि माणसाविना चालणारी यंत्रं वगळा. छोट्या खरेदीला पाचशेची नोट नाकारायची मुभा द्या, कारण सुट्ट्यांचं दुखणं खरं आहे. पण सुट्ट्यांऐवजी चॉकलेट देणं बंद. दंड किती, यावर माझं आणि माझ्या वकील मेहुण्याचं अजून जमत नाही. तो इथेच बसलाय, दुसऱ्या रांगेत. प्रश्न त्यालाच विचारा, मला खाली बसायला सांगतायत.