शेवटची पेनल्टी मानेची

नमस्कार मंडळी! आज सादिओ माने. सेनेगलचा फुटबॉलपटू, विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणारा, गाव बंबाली, जन्म 1992 चा. पंधराव्या वर्षी घरात कुणाला न सांगता डकारला पळाला, ट्रायलला गेला तर पायात फाटके बूट, आधी एका म्हाताऱ्याने त्यावरून टोकलं आणि खेळ बघून त्यानेच टीममध्ये घेतलं. मग युरोपातले क्लब, मेत्झ, साल्झबर्ग, साउथॅम्प्टन. तिथे 2015 ला अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध हॅटट्रिक, म्हणजे तीन गोल, 2 मिनिटं 56 सेकंदांत, हो, 2 मिनिटं 56 सेकंद, तेवढ्यात आपला चहा उकळत नाही! पुढे लिव्हरपूल, तिथे चॅम्पियन्स लीग, प्रीमियर लीग जिंकली, मग बायर्न, अल नस्र. असो, मला सांगायचीय ती पेनल्टीची गोष्ट.

6 फेब्रुवारी 2022, कॅमेरूनमधलं याउंडे, आफ्रिका कपची फायनल, सेनेगल विरुद्ध इजिप्त. सेनेगलने हा कप तोवर एकदाही जिंकलेला नाही, एकदाही नाही! सातव्याच मिनिटाला पेनल्टी मिळाली, मारायला माने. आणि समोरच्या टीमचा कॅप्टन कोण, तर मोहम्मद सालाह, लिव्हरपूलमधला त्याचाच जोडीदार, रोज सोबत प्रॅक्टिस करणारा. तो सरळ गोलकीपर गबास्कीकडे गेला नि काहीतरी सांगून आला, माने तिथेच उभा. मानेने जोरात मारली आणि गबास्कीने अडवली! (हे टीव्हीवाले अशा वेळी दहा-दहा रिप्ले दाखवतात, अरे माणसाचा चेहरा दाखवा ना.) बरं, 2017 लाही ह्याच कपमध्ये कॅमेरूनविरुद्ध शूटआउटमध्ये (बरोबरी झाली की पेनल्ट्या मारून निकाल लावतात तो) मानेचीच पेनल्टी चुकली होती आणि टीम घरी गेली होती. बेंचवर कोच अलियू सिसे, 2002 च्या ह्याच कपच्या फायनलमध्ये शेवटची पेनल्टी ह्याचीच वाया गेलेली, म्हणजे त्याच्या पोटात काय कालवलं असेल बघा.

120 मिनिटं झाली, शून्य-शून्य. आता शूटआउट. सेनेगलचा गोलकीपर मेंडीने इजिप्तची एक अडवली, आता सेनेगलची एक आत गेली की कप. आली कुणाच्या वाट्याला? मानेच्याच. सकाळी एक चुकवलेला माणूस नाही हो, त्याच मॅचमध्ये, त्याच गोलकीपरसमोर चुकवलेला! आला, मारली, गोल. सालाहचा नंबर पाचवा होता, तो आलाच नाही.

पुढच्याच महिन्यात वर्ल्डकपच्या तिकिटासाठी हेच दोघं परत समोरासमोर, सेनेगलमध्ये, परत शूटआउट. ह्या वेळी सालाह पहिलाच आला आणि बॉल बारवरून गेला. जिंकून देणारी पेनल्टी परत मानेची.