काळ्या मातीत न्यूट्रॉनची टक्कर

(दृश्य: पऱ्हाटीच्या दोन तासांमध्ये जमिनीबाहेर डोकावणारी ॲल्युमिनियमची नळी. शेजारी हाताचा पंजा जाईल एवढी भेग.)

वरून वावर कोरडं ठक्क. खाली तीन फुटांवर मुळांना किती ओल उरली, हे माती न उकरता मोजता येतं.

त्यासाठी न्यूट्रॉन प्रोब नावाचं यंत्र असतं. नळीतून खाली सोडलेल्या त्याच्या दांड्यात किरणोत्सारी अमेरिशियम-२४१ आणि बेरिलियम असतं. अमेरिशियममधून सुटणारा अल्फा कण बेरिलियमवर आदळला की वेगवान न्यूट्रॉन सुटतो. त्याला विद्युतभार नाही, म्हणून मातीतल्या कोणत्याही अणूचं केंद्रक त्याला दुरून ढकलत नाही. तो थेट जाऊन भिडतो.

ही टक्कर स्थितिस्थापक. ऊर्जा नाहीशी होत नाही, दोघांत वाटली जाते. गोटी दगडावर मारली तर जवळपास त्याच वेगानं परतते. तेवढ्याच गोटीवर नेमकी बसली तर जागीच थांबते. सिलिकॉनचं केंद्रक एका टकरीत न्यूट्रॉनची फार तर १३ टक्के ऊर्जा घेतं, ऑक्सिजनचं २२. हायड्रोजनचं केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचं, ते सगळी घेऊ शकतं. २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टवरून (हे कणांच्या ऊर्जेचं एकक) ०.०२५ पर्यंत उतरायला हायड्रोजनशी सरासरी १८ टकरा पुरतात, ऑक्सिजनशी सुमारे १५० लागतात. शिवाय ऊर्जा कमी झाली की हायड्रोजनचा टक्कर-छेद, म्हणजे टक्कर होण्याची शक्यता सांगणारं माप, २० बार्नपर्यंत जातो, ऑक्सिजनचा चारच्याही आत राहतो. दांड्यातला शोधक फक्त मंद न्यूट्रॉन मोजतो. मातीत हायड्रोजन मुख्यतः पाण्यातच, म्हणून ओल जास्त तर आकडा जास्त.

अडचण आपल्या भारी जमिनीची आहे. ती सुकली की आकसते, नळीपासून सुटते. त्या फटीत हवा असली तर आकडा कमी येतो; पहिल्या दमदार पावसाचं पाणी फटीतून उतरलं तर फुगतो. म्हणून गिरमिटाचं भोक नळीच्या बाहेरच्या व्यासाएवढंच हवं, आणि नळी माती ओलसर असतानाच बसवावी.

यंत्राच्या आकड्यावरून ओल काढायचं, यंत्रासोबत आलेलं वाळूचं समीकरण इथे वापरू नये. चिकणमातीच्या खनिजांतही हायड्रोजन बांधलेला असतो. ओल मोजायला माती १०५ अंशांवर २४ तास भट्टीत सुकवतात, तरी तो निघत नाही, पण न्यूट्रॉनला तो दिसतोच. म्हणून आपलं समीकरण बसवायला त्याच वावरातले नमुने त्याच खोलीवरून घ्या, ओल्यात आणि कोरड्यात दोन्ही वेळा. माती फुगते-आकसते तशी तिची घनताही बदलते, आणि यंत्र ओल वजनावर नाही, मातीच्या घनफळावर सांगतं; म्हणून नमुन्याची घनताही मोजा.

वरच्या १५-२० सेंटीमीटरमध्ये बरेच न्यूट्रॉन हवेत निसटतात. पेरणीची ओल नेमकी तिथलीच. ती गिरमिट, डबी आणि तराजू घेऊनच मोजावी लागते.