शाळा चांगली की मुलं चांगली?

(दृश्य: वेल्डिंग बूथमधल्या ठिणग्या. मग प्रेसमध्ये हळूहळू वाकणारी लोखंडी पट्टी.)

वेल्डिंगच्या परीक्षेत लोखंडाचे दोन तुकडे जोडायचे, त्या जोडावरून एक पट्टी कापायची, घासून गुळगुळीत करायची आणि प्रेसमध्ये घालून दोन्ही टोकं समोरासमोर येईपर्यंत वाकवायची. जोड बाहेरच्या बाजूला ताणला जातो. आत हवा राहिली असेल, स्लॅग (वेल्डिंग करताना तयार होणारा मळ) अडकला असेल, तर नेमकी तिथेच पट्टी तोंड उघडते. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या नियमाप्रमाणे एखादी चीर तीन मिलिमीटरपेक्षा मोठी निघाली की उमेदवार नापास. इथे वशिला चालत नाही, आणि ‘मुलगा होतकरू आहे हो’ हेही चालत नाही.

हे काम शिकवणाऱ्या शाळेची परीक्षा घेणं मात्र इतकं सोपं नाही.

(दृश्य: पिवळी स्कूल बस. शाळेच्या दारावरचा ‘प्रवेश सुरू’चा फलक.)

आज बोलायचंय ते अमेरिकेतल्या चार्टर हायस्कूलांबद्दल, त्यातही नोकरी-व्यवसायावर भर देणाऱ्या. हायस्कूल म्हणजे तिथे नववी ते बारावी. चार्टर म्हणजे पैसा सरकारी, फी शून्य, पण कारभार स्वतंत्र मंडळाकडे. आपल्या अनुदानित शाळा आठवल्या की अर्धं चित्र उभं राहतं. फरक असा की चार्टर शाळेचा करार ठराविक मुदतीचा असतो, आणि करारात लिहिलेलं जमलं नाही तर शाळेला टाळं लागू शकतं. (आपल्याकडे अनुदानित शाळा बंद करायला निघालं तर काय होतं, ते सांगायला नको.) पहिला कायदा मिनेसोटा राज्यात १९९१ साली झाला आणि पहिली शाळा १९९२ साली सेंट पॉलमध्ये उघडली. ती होती सिटी अकॅडमी, शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांसाठी काढलेली. आणखी एक नियम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे: जागेपेक्षा अर्ज जास्त आले की बहुतेक ठिकाणी चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावा लागतो.

‘चार्टर’ या शब्दावरून शाळेचा दर्जा कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्राने २०२३ साली देशभरातल्या चार्टर शाळांचा हिशेब मांडला. जवळपासच्या सरकारी शाळेतल्या तशाच मुलांपेक्षा चार्टरची मुलं वाचनात साधारण १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिकवणीएवढी पुढे निघाली. अभ्यासाच्या भाषेत हा फायदा आहे; आईबापांच्या भाषेत जेमतेम दिवाळीच्या सुट्टीएवढा. याच केंद्राने २०१५ मध्ये फक्त ऑनलाइन चार्टर शाळा तपासल्या, तेव्हा मुलं गणितात १८० दिवस मागे होती. १८० दिवस म्हणजे तिथलं शाळेचं अख्खं वर्ष. दोन्हीकडे पाटी चार्टरचीच.

(दृश्य: जॉर्जिया राज्याचा नकाशा. अटलांटा, आणि त्याच्या नैर्ऋत्येला न्यूनन.)

अटलांटाजवळच्या कोवेटा कौंटीत (म्हणजे साधारण जिल्ह्यात) न्यूनन नावाचं गाव आहे. इथलं सेंट्रल एज्युकेशनल सेंटर २००० साली सुरू झालं. कौंटीचं शाळा मंडळ, तांत्रिक कॉलेज आणि स्थानिक उद्योग या तिघांनी मिळून काढलेली ही चार्टर शाळा. पुढे जॉर्जियात जागोजागी करिअर अकॅडमी निघाल्या, त्यांचा नमुना हीच. मुलं इथे स्वतःहून येतात. कौंटीतल्या नेहमीच्या हायस्कूलात त्यांची नावं राहतात, दिवसाचा काही भाग ती बसने इकडे येतात, आणि हायस्कूलात असतानाच त्यांना कॉलेजचे क्रेडिट मिळतात.

आता हिशेब कुठे अडतो ते बघा. मूल सकाळी एका शाळेत बीजगणित शिकतं आणि दुपारी दुसरीकडे सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, उभं राहतं. ते पास झालं तर श्रेय कोणाचं? नापास झालं तर खापर कोणाच्या माथी? केंद्र सुरू झाल्यावर कौंटीतली गळती कमी झाली, असं शाळेचे समर्थक सांगत आले आहेत. असेलही. पण २००० साली कोवेटाची लोकसंख्या ८९ हजार होती आणि २०१० साली १ लाख २७ हजार. अटलांटा पसरत होतं, नवी कुटुंबं येत होती. दहा वर्षांत वर्गातली मुलंच बदलली असतील, तर आकडा शाळेमुळे हलला की शेजाऱ्यांमुळे, हे नुसत्या आलेखावरून कसं कळणार?

न्यूननमधली एक गोष्ट मात्र मला वजनदार वाटते. २०१६ मध्ये इथे जर्मन पद्धतीची अप्रेंटिसशिप सुरू झाली, तीही दहावीपासून. मुलं कारखान्यात शिकतात आणि त्यांना पगार मिळतो. सल्लागार मंडळावर नाव द्यायला, उद्घाटनाला सूट घालून यायला कंपनीचे साहेब नेहमीच तयार असतात. पण मशीनचा वेळ, कारागिराचा वेळ आणि वर पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला पगार, हे सगळं कंपनी स्वतःच्या खिशातून घालते, तेव्हा तिला तिथे काहीतरी दिसलेलं असतं. यात विचारायचं एवढंच, की अशी मुलं किती? माहितीपत्रकावर फोटो असणारी मूठभर आणि बाकीची शेकड्यांनी, असा प्रकार कुठल्याही शाळेत असू शकतो.

(दृश्य: पदवीदान समारंभ. हवेत उडणाऱ्या टोप्या.)

आता सगळ्यात लाडका आकडा: किती टक्के मुलं पास होऊन बाहेर पडली.

अमेरिकेत २००८ पासून केंद्र सरकारने याचं एकच सूत्र ठरवून दिलं. नववीत आलेली मुलं धरायची, मागाहून आलेली मिळवायची, दुसऱ्या शाळेत गेलेली वजा करायची आणि चार वर्षांत किती जणांच्या हाती डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला, पडला ते पाहायचं. सूत्र चोख आहे. गोम ‘वजा करायची’ या दोन शब्दांत आहे.

समजा, नववीत १०० मुलं आली. ३० जण कंटाळून, किंवा ‘तुला इथलं झेपणार नाही’ असं ऐकून, जवळच्या सरकारी शाळेत गेले. उरलेल्या ७० पैकी ६६ पास झाले. फलकावर येणार ९४ टक्के, आणि त्यात एक अक्षरही खोटं नाही. महाराष्ट्रात ज्यांनी शाळा पाहिली आहे त्यांना हे नवं नाही. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या पोराला नववीतच बसवायचं किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा, ही विद्या आपल्याला कोणी शिकवायला नको.

‘आमची सगळी मुलं कॉलेजात’ या वाक्याचंही तेच. २०१७ साली वॉशिंग्टन डीसीतल्या बॅलू हायस्कूलचं नाव देशभर गाजलं, कारण हायस्कूल पास झालेल्या प्रत्येकाला कॉलेजात प्रवेश मिळाला होता. ती चार्टर नव्हे, साधी सरकारी शाळा. मग पत्रकारांनी हजेरीपट काढले. त्यांतली निम्मी मुलं वर्षातले तीन महिन्यांहून जास्त दिवस शाळेत आलीच नव्हती.

(दृश्य: फिलाडेल्फिया. जुन्या शाळेची इमारत, वर्कशॉपची बाकं.)

मग मोजायचं कसं? याचं आतापर्यंतचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर चार्टरच्या बाहेरून आलं आहे.

१९६९ साली फिलाडेल्फियात एका हायस्कूलमध्ये विजेच्या कामाची अकॅडमी निघाली. शाळेच्या पोटात छोटी शाळा असा तो प्रकार: तीच मुलं, तेच शिक्षक, एका व्यवसायाभोवती गुंफलेले विषय आणि जवळच्या कंपन्यांत कामाचा अनुभव. ही कल्पना देशभर पसरली. १९९३ मध्ये एमडीआरसी या संशोधन संस्थेने अशा नऊ अकॅडमी हाती घेतल्या. अर्ज जागांपेक्षा जास्त होते, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. संशोधकांनी नंबर लागलेली मुलं धरलीच, नंबर न लागलेलीही सोडली नाहीत. बारावीनंतर आठ वर्षं दोन्ही गटांचा माग काढला.

यामागचा विचार साधा, पण पक्का आहे. अशा शाळेत अर्ज करणारं मूलच जरा वेगळं असतं. त्याला काहीतरी करायचं असतं, किंवा घरी कोणीतरी फॉर्म भरून देणारं, तारखा लक्षात ठेवणारं असतं. त्याची तुलना गावातल्या सगळ्या मुलांशी केली तर शाळा उगाचच भारी दिसते. खरी तुलना अर्ज केला पण चिठ्ठी निघाली नाही अशा मुलाशी. जिद्द तीच, घर तसंच, फक्त नशीब वेगळं.

२००८ साली निकाल आला. अकॅडमीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांनी हायस्कूल पूर्ण केलं होतं किंवा त्याला समकक्ष परीक्षा पास केली होती. कुठल्याही मुख्याध्यापकाने हा आकडा दारावर लावला असता. पण नंबर न लागलेल्या गटातही तो नव्वदच्या वरच होता! परीक्षेतले गुण सारखे, पुढच्या शिक्षणातही अकॅडमीचा वेगळा फायदा दिसला नाही. इथेच थांबलं असतं तर ‘पैसे वाया’ म्हणून फाइल बंद झाली असती.

फरक निघाला पगारात. अकॅडमीची मुलं सरासरी वर्षाला २,०८८ डॉलर, म्हणजे ११ टक्के जास्त कमावत होती. एकट्या मुलग्यांचा हिशेब केला तर ३,७३१ डॉलर, १७ टक्के. ज्या दोन आकड्यांवर शाळेची प्रतवारी लागते ते हललेच नाहीत, आणि जो हलला तो कुठल्याच प्रगतिपुस्तकात नव्हता.

मुलींचं काय? त्यांच्या कमाईत खात्रीने सांगावा असा फरक सापडला नाही. कनेक्टिकटच्या सरकारी तांत्रिक हायस्कूलांवरच्या नंतरच्या एका अभ्यासातही हेच दिसलं: मुलग्यांची कमाई जवळपास तीस टक्क्यांनी वाढली, मुलींना तसा लाभ नाही. माझ्या मते याचं निदान एक कारण प्रत्येक वर्कशॉपच्या दारातून दिसतं. वेल्डिंग, वीज, मशीन शॉपमध्ये मुलगे; केशरचना, बालसंगोपनात मुली. पगार व्यवसायाला चिकटून येतो. आपल्या आयटीआयमध्ये शिवणकामाच्या ट्रेडला कोण बसतं आणि फिटरला कोण, हे आठवून पाहा. म्हणून ‘आमच्या शाळेत ५० टक्के मुली’ एवढ्यावर समाधान मानू नये. कोणत्या खोलीत किती, ते मोजावं.

(दृश्य: भिंतीवर ओळीने टांगलेली प्रमाणपत्रं.)

प्रमाणपत्रांचा बाजार हा अलीकडचा प्रकार. ‘आमच्या मुलांनी यंदा अमुक इतकी उद्योगमान्य प्रमाणपत्रं मिळवली’, हे वाक्य आता प्रत्येक अहवालात असतं. त्यात वेल्डिंगची पट्टी वाकवून मिळवलेलं प्रमाणपत्र एक, आणि ओशा-१० चं कार्डही एक. ओशा-१० म्हणजे कामाच्या जागी अपघात कसे टाळावेत याचं दहा तासांचं प्रशिक्षण. उपयोगी आहे, जरूर करावं. पण ते देणारं सरकारी खातं स्वतःच सांगतं की हे कौशल्याचं प्रमाणपत्र नव्हे. बेरजेत मात्र दोन्ही सारखीच. नर्सिंग सहायकाच्या परीक्षेत परीक्षकासमोर हात धुऊन दाखवावे लागतात, रुग्णाला पलंगावरून खुर्चीत बसवून दाखवावं लागतं. ते पास झालं तर नर्सिंग होममध्ये, म्हणजे तिथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात, काम करता येतं. तेव्हा बेरीज बाजूला ठेवा आणि विचारा, की यातलं कोणतं कार्ड नसेल तर नोकरी मिळत नाही? यादी झपाट्याने आखडते.

(दृश्य: ‘ओपन हाउस’चा दिवस. पालक वर्कशॉपमधून फिरताहेत.)

शाळा बघायला गेलात तर चकचकीत मशीनपाशी थांबून खाली बघा. कचऱ्याच्या डब्यात धातूचा भुसा आहे का? लेथच्या चकवर (धातूचा तुकडा पकडणाऱ्या भागावर) तेल आहे, की धूळ? देणगीत मिळालेलं आणि शिकवायला माणूस नाही म्हणून झाकून ठेवलेलं मशीन हे अशा शाळांचं जुनं दुखणं. चांगल्या वेल्डरला बाहेर शिक्षकापेक्षा जास्त पैसे मिळतात, त्यामुळे तो टिकत नाही. गेल्या तीन वर्षांत या वर्कशॉपला किती शिक्षक झाले, हा प्रश्न विचाराच.

चार्टर शाळेचा करार, नूतनीकरणाची कागदपत्रं आणि मंडळाच्या सभांची इतिवृत्तं ही साधारणपणे खुली असतात. कंटाळवाणी असतात, पण खरं तिथेच सापडतं. शाळेने करारात काय कबूल केलं होतं आणि नूतनीकरणाच्या वेळी कोणते आकडे पुढे केले, हे शेजारी ठेवून वाचावं. कबूल केली ‘नोकरी’ आणि दाखवली ‘हजेरी’, तर समजून जावं.

पण एकच प्रश्न विचारायला वेळ असेल, तर मी म्हणेन, मुख्याध्यापकांना निकाल विचारू नका. सहा वर्षांपूर्वी नववीत आलेल्या मुलांची यादी आहे का, ते विचारा. किती बारावीपर्यंत राहिली, किती मध्येच गेली आणि कुठे, आज कोण काय करतं? आणि चिठ्ठीत ज्यांचा नंबर लागला नाही त्यांची नावं शाळेने ठेवली आहेत, की त्याच संध्याकाळी फेकून दिली? पहिल्या यादीचं उत्तर बऱ्याच जणांना अर्धवट का होईना देता येतं. दुसऱ्या यादीचं नाव काढल्यावर समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसला, तर पुढचा अर्धा तास त्याच्याशी बोलण्यात घालवायला हरकत नाही.