अमानीच्या जंगलात परका कोण?

(निसर्गप्रेमी मंडळींपुढे केलेल्या गप्पांचं हे लिखित रूप, बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

नमस्कार. मागेपर्यंत आवाज येतोय ना? बरं. आधीच सांगून टाकते, मला सिंह दिसला नाही. हत्ती पण नाही. मी तीन वर्षं दार-एस-सलामला नोकरीला होते आणि सुट्टीत चिपळूणला आले की पहिला प्रश्न हाच, सिंह पाहिलास का गं? आता टांझानियात राहून सेरेंगेटीऐवजी कुठल्याशा डोंगरात पावसात भिजायला गेले म्हटल्यावर घरच्यांनी कपाळाला हात लावला. पण आज त्याच डोंगराबद्दल बोलणारे. उसंबारा. त्यातला पूर्वेकडचा भाग आणि त्यात अमानी नेचर रिझर्व्ह. अमानी म्हणजे स्वाहिलीत शांतता.

दारहून सकाळची बस पकडायची, टांगाच्या रस्त्याला मुहेझाला उतरायचं. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना घायपात. म्हणजे किती, तर खिडकीतून बघून कंटाळा येईल इतका, सरळ रांगांत. आपल्याकडे कुंपणाला लावायचा ना, दोर वळायचे त्याचे, तोच प्रकार, सिसल. हा मुळात मेक्सिकोकडचा. 1893 मध्ये रिचर्ड हिंडोर्फ नावाच्या जर्मन माणसाने फ्लोरिडाहून हजार रोपं मागवली, प्रवासात बहुतेक मेली, जगली फक्त 62. त्या 62 रोपांपासून देशाचा एवढा मोठा धंदा उभा राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण या डोंगरात बाहेरून आलेलं झाड म्हणजे गंमत नाही, तिथला सगळा इतिहासच तो आहे.

मुहेझाहून वर जायला तीसेक किलोमीटर, रस्ता असा की मला आमचा जुना कुंभार्ली घाट आठवला. गाडीत एक आजी चढल्या, पोरं त्यांना म्हणाली "शिकामू", आजी म्हणाल्या "मराहाबा". मोठ्या माणसाला करायचा नमस्कार, आणि तिथले लोक त्याचा अर्थ सांगतात, तुमचे पाय धरतो. मी पण म्हटलं, आजी खूश. त्यांच्या टोपलीत फणस होता. मी विचारलं याला काय म्हणता, तर म्हणाल्या फेनेसी. फेनेसी! मी कोकणातली बाई, मला काय व्हायचं ते झालं.

झिगीला जंगलाचं दार लागतं. जर्मनांनी इथपर्यंत छोटी रेल्वे आणलेली, त्या काळचं स्टेशनमास्तरचं घर आता माहिती केंद्र आहे. फी भरायची, गाइड घ्यायचा. आमचा गाइड गावातलाच, पन्नाशीचा. पहिली सूचना: पँट मोज्यात खोचा. का, तर सिआफू. या फौजेसारख्या चालणाऱ्या मुंग्या असतात, रांगेत पाय पडला की संपलं. मी ऐकलं नाही. पुढचं सांगत नाही, इथे लहान मुलं बसलीयत.

आता जंगल. हा डोंगर किलिमांजारोसारखा ज्वालामुखीचा नाही, फार जुन्या स्फटिकी खडकाचा आहे. केनियातल्या टाइटा टेकड्यांपासून टांझानियातल्या उडझुंग्वापर्यंत असे सुटे सुटे डोंगर आहेत, ईस्टर्न आर्क म्हणतात त्यांना. भोवती कोरडा प्रदेश आणि मध्येच ही हिरवी बेटं, कारण हिंदी महासागरावरून येणारा ढग पहिल्यांदा यांनाच धडकतो. अमानीत वर्षाला साधारण 1900 मिलिमीटर पाऊस. महाबळेश्वरवाले हसतील, त्यांच्या निम्मा पण नाही. पण तो चार महिन्यांत कोसळत नाही, वर्षभर वाटून येतो, आणि आपले सडे जसे एप्रिलमध्ये वाळून करपतात तसं तिथे होत नाही. बेटासारखं लाखो वर्षं वेगळं राहिल्यामुळे इथे असे जीव आहेत जे दुसरीकडे जवळजवळ नाहीतच. एक शिंपी पक्षी आहे लांब चोचीचा, हा डोंगर आणि मोझांबिकमधला एक डोंगर सोडला तर जगात कुठे नाही. त्याच्या शास्त्रीय नावात मोरो आहेत, रेजिनाल्ड मोरो, अमानीच्या संस्थेत 1928 ते 1946 नोकरीला होते आणि त्यातून पक्ष्यांचे मोठे अभ्यासक झाले. आम्हाला तो शिंपी काही दिसला नाही. आवाज ऐकला असं गाइड म्हणाला, मी मान डोलावली.

आफ्रिकन व्हायोलेट मात्र दिसलं. हो, तेच, पुण्यातल्या नर्सरीत छोट्या कुंडीत मिळतं, लोकरीसारखी पानं आणि जांभळी फुलं. ते इथलं. 1892 मध्ये जर्मन अधिकारी वॉल्टर फॉन सेंट पॉल याला सापडलं, त्याने जर्मनीला वडिलांकडे पाठवलं, पुढच्या वर्षी त्याचं बारसं झालं सेंटपॉलिया. जगभरच्या खिडक्यांत बसलंय, आणि घरी काय, तर ओल्या सावलीतल्या कातळाच्या कपारीत मुठीएवढं झुडूप. वरची झाडं गेली, ऊन आलं, की संपलं. मी आधी त्याच्या शेजारून सरळ पुढे गेले होते, गाइडने हाक मारून मागे बोलावलं.

संस्था म्हटलं मघाशी, तर ती जर्मनांनी 1902 मध्ये काढली, शेती आणि जीवशास्त्र संशोधनाची, जगभरातून झाडं आणून लावली, लवंग, दालचिनी, कापूर, बांबू, सिंकोना. पहिल्या महायुद्धात समुद्रातून माल येणं बंद झालं तेव्हा इथल्या सिंकोनाच्या सालीपासून सैन्यासाठी कोयनेल केलं. नंतर इंग्रजांच्या काळात इथेच कसाव्याच्या, म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा करतात त्या कंदाच्या, रोगावर काम झालं, रोगाला टिकणारी जात हवी म्हणून जंगली जातीशी संकर केले. म्हणजे निव्वळ साहेबाची हौस नव्हती ती, हे मान्य करायला हवं. त्याच बागेतून एक झाड बाहेर निसटलं.

झालं असं. दुसऱ्या दिवशी एका झाडापाशी मी थांबले, सरळसोट, उंच, असं की मान मोडावी. मी म्हटलं, याला म्हणतात जंगल, हे किती शे वर्षांचं? गाइड हसला. म्हणाला, माझ्या आजोबांपेक्षा लहान आहे. मेसॉप्सिस. मूळ पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं, अगदी व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला पण आहे, म्हणजे धड परदेशी पण नाही, पण या डोंगरातलं नाही. भराभर वाढतं म्हणून लावलं. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे लाकूडतोड जोरात झाली, जंगलाला भोकं पडली, उजेड आला, आणि याला तेच हवं असतं. बरं, याची बी पसरवतो कोण? धनेश. रुपेरी गालाचा मोठा धनेश फळं खातो आणि बिया मैलभर नेऊन टाकतो. आता आपल्याकडे आम्ही भाषणं करतो, मी स्वतः केलीयत, धनेश म्हणजे जंगलाचा शेतकरी वगैरे. तिथे तोच शेतकरी नको ते पेरतोय, त्याला काय दोष देणार.

आणि वेलची! स्वाहिलीत इलिकी. सावलीत येणारं पीक म्हणून लोकांनी मोठी झाडं ठेवली आणि खालचं सगळं साफ करून वेलची लावली. लांबून जंगल शाबूत दिसतं, आत गेलात तर पोरं-बाळं नसलेलं घर, सगळी म्हातारीच, नवीन रोप वर येतच नाही. काही वर्षांनी माती दमते, पीक उतरतं, मग उरलेली झाडं पण तोडून मका, केळी. 1997 मध्ये जुनी राखीव जंगलं एकत्र करून नेचर रिझर्व्ह झालं, देशातलं पहिलं, आणि त्यात चहा कंपनीच्या मालकीचं जंगल पण धरलं. जवळच्या डेरेमाच्या पट्ट्यात पिकांची भरपाई देऊन लोकांना बाजूला केलं, त्यावर वाद झाले. कोयना-चांदोलीच्या गावांशी बोललेल्या कुणालाही तो वाद वेगळा समजावून सांगायला नको. माझं मत विचाराल तर जंगल वाचलं हे चांगलंच, पण ज्याच्या वेलचीवर घर चालत होतं त्याने झाडं मोजून मिळालेले पैसे किती दिवस पुरवायचे?

दुसरा मार्ग म्हणून गावांत फुलपाखरं पाळायला सुरुवात झाली, कोष परदेशातल्या प्रदर्शनांना पाठवायचे. छान चाललं होतं. 2016 मध्ये सरकारने जिवंत वन्यप्राण्यांच्या निर्यातीवर बंदी आणली, त्यात फुलपाखरं पण आली, झालं.

रात्री टॉर्च घेऊन निघालो. सरडे बघायला, रंग बदलणारे. झोपले की फिकट पडतात, टॉर्चच्या उजेडात फांदीच्या टोकाला कागदाचा कपटा अडकल्यासारखे चमकतात. बोटाच्या पेराएवढा एक, वाळक्या पानासारखा, गाइडने दाखवूनही मला मिनिटभर दिसेना. तिथे बऱ्याच लोकांना किन्योंगा म्हणजे सरडा अपशकुनी वाटतो, गाइड दाखवत होता पण हात काही लावत नव्हता.

आता मघाशी इथे कुणीतरी विचारलं की मग ती मेसॉप्सिसची झाडं तोडून का टाकत नाहीत. मी पण हेच विचारलं होतं. तर मोठं झाड पाडलं की उजेड पडतो आणि खाली शंभर पिल्लं वर येतात, त्यांचीच. म्हणून मोठ्याला बऱ्याचदा हात लावत नाहीत, खालच्या सावलीत इथली मूळची झाडं सावकाश वर येतात का बघतात. हे सांगता सांगता गाइड वाकला, पायवाटेच्या कडेचं वीतभर रोप उपटलं, मुळं वर करून दगडावर ठेवलं आणि त्या रात्री घुबड का ओरडत नाहीये ते सांगत पुढे चालू लागला.