टॉवेल कोण धुणार? रोजच्या जगण्यातली ख्रिस्ती लीनता

नमस्कार मंडळी.

लीनता म्हटलं की "छे हो, मी कसला मोठा" असं म्हणत मागे सरकणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ख्रिस्ती लीनतेचं मूळ चित्र मात्र वेगळं आहे. ते बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात आहे. येशू जेवता जेवता उठतो, वरची वस्त्रं उतरवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो, शिष्यांचे पाय धुतो आणि त्याच रुमालाने पुसतो. मग वस्त्रं घालून आपल्या जागी बसतो आणि सांगतो: तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, कारण मी तो आहे.

म्हणजे तो आपलं मोठेपण नाकारत नाही. ते असूनही खाली बसतो. लीनता म्हणजे स्वतःबद्दल खोटं बोलणं नव्हे. कुणी तुमच्या गाण्याचं कौतुक केलं तर "कसलं काय, बेसूरच झालं" म्हणू नका. त्यामुळे समोरच्याला तेच कौतुक दुसऱ्यांदा करावं लागतं. "आभारी आहे" म्हणा, तबल्यावर कुणी सांभाळून घेतलं असेल तर ते सांगा, आणि थांबा.

अजून एक गोष्ट. त्या जेवणात येशूला पुढे शत्रूंच्या हाती देणारा शिष्य यहूदाही होता आणि तो हे करणार हे येशूला ठाऊक होतं. पाय धुताना त्याला वगळलेलं नाही. आपण सेवा करतो तेव्हा पान कुणाचं आधी वाढतो, हे एकदा तपासून बघावं.

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) हाच विधी होतो. वसईच्या मराठी चर्चमध्ये ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे: धर्मगुरू वरचा झगा उतरवतात, एकेकाच्या पायावर पाणी घालतात, पुसतात. कॅथलिक नियमांत या विधीसाठी पुरुषच निवडले जात. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो स्त्रियांसाठीही खुला केला. त्याआधी 2013 मध्ये त्यांनी रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन तिथल्या मुलामुलींचे पाय धुतले होते. वर्षातून एकदा, सगळ्यांसमोर, हे करणं त्यामानाने सोपं. उरलेल्या दिवसांचं काय?

त्याचं फार व्यवहारी उत्तर सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमांत आहे. त्यात 73 प्रकरणं आहेत आणि 35वं प्रकरण स्वयंपाकघराच्या पाळीचं आहे. पाळी आठवड्याची. आजारी किंवा फार महत्त्वाच्या कामात गुंतलेला सोडून कुणालाही सूट नाही. अशक्तांना मदतनीस द्यायचा. पाळी संपवणाऱ्याने शनिवारी सफाई करायची आणि बंधूंनी हातपाय पुसलेले टॉवेल धुवायचे. मग संपवणारा आणि सुरू करणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत परत करायची. आणि मला सर्वांत आवडणारा नियम: जेवणाच्या तासभर आधी वाढणाऱ्यांना थोडं पेय आणि भाकरी जादा द्यायची, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील. उपाशी माणसाकडून हसतमुख सेवेची अपेक्षा बेनेडिक्टने ठेवलेली नाही.

आपल्या मंडळात हे जसंच्या तसं करता येईल. कार्यक्रमाच्या पत्रकावर भांडी घासणाऱ्यांची पाळी लिहा, त्यात अध्यक्षांचं आणि खजिनदारांचं नाव असू द्या. वाढणाऱ्यांना तासभर आधी चहा आणि काहीतरी पोटभरीचं द्या. बिघडतं कुठे, तर पदाधिकारी पहिली पंगत वाढतात, फोटो निघतात, आणि तळ करपलेलं पातेलं नेहमीच्याच चार बायकांच्या वाट्याला जातं. पाळी लावायची ती त्या पातेल्याची लावा.

46व्या प्रकरणात चुकांबद्दल आहे. काम करताना काही फुटलं, हरवलं, तर ताबडतोब स्वतः येऊन सांगायचं. दुसऱ्याकडून कळलं तर शिक्षा अधिक. घरातही कबुली लवकर आणि थोडक्यात हवी: काय केलं, त्याने तुझं काय नुकसान झालं, मी आता काय भरून देतो. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" यात चूक ऐकणाऱ्याच्या वाटण्यावर ढकललेली असते. आणि "मीच मेला वाईट" असा सूर लावला की दुखावलेल्यालाच आपली समजूत काढत बसावं लागतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सुनेला, हाताखालच्या माणसाला, मार खाणाऱ्या बाईला "नम्रतेने सोस" म्हणून सांगणं ही ख्रिस्ती शिकवण नाही. त्या रात्री जेवणावरून उठला तो सगळ्यांत मोठा होता. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने आधी उठायचं.

राहता राहिला त्या जेवणातला शिष्य पेत्र. "तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत," असं तो म्हणतो, आणि येशू ते ऐकून घेत नाही. करणाऱ्यांना करवून घेणं फार जड जातं. शस्त्रक्रियेनंतर शेजारीण डबा आणते म्हणाली तर "नको, उगाच त्रास" म्हणण्याऐवजी काय चालतं, काय पथ्य आहे आणि किती वाजता आणावं ते सांगा. डबा परत करताना त्यात काहीतरी भरून दिलंच पाहिजे असंही नाही. धुवून, पुसून दिला तरी पुरतो.